बाद झालेल्या स्विच-राउटरांवर घरची सीसीएनए लॅब

धनकवडीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: संगणक अभियांत्रिकी पदविकेचे शेवटचे वर्ष चालू आहे आणि वर्षभरात सिस्को या नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या कंपनीची सीसीएनए ही प्राथमिक पातळीची प्रमाणपत्र परीक्षा द्यायची आहे. मामा हिंजवडीतील एका कंपनीत असल्यामुळे तिथून बाद होणारे काही स्विच आणि राउटर मिळण्याची शक्यता आहे. हाताशी १५,००० रुपये आहेत आणि घर दोन खोल्यांचे आहे. अशा स्थितीत खरी उपकरणे जमवून घरी लॅब करावी की पॅकेट ट्रेसर (संगणकावर नेटवर्कची नक्कल करणारा सिस्कोचा प्रोग्राम) पुरेसा आहे, आणि करायचीच झाली तर काय घ्यावे? मी वीसहून अधिक वर्षे पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात नेटवर्क उभारणीचे काम करतो आहे आणि माझ्याकडे शिकायला आलेल्या अनेकांच्या घरच्या लॅब मी पाहिल्या आहेत, त्या अनुभवावरून हे उत्तर देतो.

लॅब अवश्य करा, परंतु लहान करा. तीन स्विच, दोन राउटर आणि एक चांगली कन्सोल केबल (लॅपटॉपवरून यंत्राला थेट आज्ञा देण्यासाठीची) एवढ्यावर तुमचे काम भागते. परीक्षेचे शुल्क ३०० अमेरिकी डॉलर अधिक कर आहे, म्हणजे तुमच्या हातातील रकमेहून ते मोठे आहे. त्यामुळे सगळे पैसे उपकरणांत घालू नका. मामांच्या ओळखीने जे विनामूल्य किंवा नाममात्र दरात मिळेल ते घ्यावे, केबल आणि हत्यारांवर थोडा खर्च करावा आणि उरलेली रक्कम शुल्कासाठी बाजूला ठेवावी. पॅकेट ट्रेसर सिस्को नेटवर्किंग अकॅडमीत नोंदणी केल्यास विनामूल्य मिळतो. तो सोडू नका. खरी उपकरणे आणि पॅकेट ट्रेसर यांची कामे वेगळी आहेत, आणि हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच बहुतेकांचे पैसे चुकीच्या ठिकाणी जातात.

आधी अभ्यासक्रम समोर ठेवा. सीसीएनएची २००-३०१ या क्रमांकाची परीक्षा फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिची १.१ ही सुधारित आवृत्ती लागू झाली. तिच्यात नेटवर्कची मूलतत्त्वे २० टक्के, नेटवर्क अ‍ॅक्सेस २० टक्के, आयपी कनेक्टिव्हिटी २५ टक्के, आयपी सेवा १० टक्के, सुरक्षा १५ टक्के आणि ऑटोमेशन १० टक्के अशी वाटणी आहे. यांपैकी व्हीएलएएन (एका स्विचवर केलेले वेगवेगळे आभासी गट), ट्रंक (अनेक व्हीएलएएन वाहणारा दुवा), इथरचॅनेल (अनेक केबलींचा मिळून एक दुवा), स्पॅनिंग ट्री (केबलींचा फेरा झाल्यास एक दुवा बंद ठेवणारी व्यवस्था), स्थिर मार्ग, ओएसपीएफ (राउटरांनी आपसांत मार्ग ठरवण्याची पद्धत), नॅट (खासगी पत्ते बाहेरच्या पत्त्यांत बदलणे), डीएचसीपी (आयपी पत्ते आपोआप वाटणे), अ‍ॅक्सेस लिस्ट, पोर्ट सिक्युरिटी आणि डीएचसीपी स्नूपिंग हे सगळे दहा-पंधरा वर्षे जुन्या उपकरणांवर व्यवस्थित करता येते. १.१ मध्ये नव्याने आलेले रूट गार्ड, लूप गार्ड आणि बीपीडीयू गार्डसुद्धा जुन्या २९६० स्विचवर आहेत. याउलट वायरलेस कंट्रोलरची पडद्यावरील मांडणी, जेसन, अ‍ॅन्सिबल, टेराफॉर्म आणि क्लाउडवरून चालणारे व्यवस्थापन या वायरलेसच्या आणि ऑटोमेशनच्या विषयांसाठी जुना राउटर काहीही उपयोगाचा नाही. जुन्या सामानाचे विक्रेते ‘सीसीएनए किट’ म्हणून सिरीयल कार्डे आणि त्यांच्या जाड निळ्या केबली भरलेले संच दाखवतात. मात्र सिरीयल दुव्यांचे पीपीपी, तसेच मार्ग ठरवण्याच्या आरआयपी आणि ईआयजीआरपी या पद्धती हे विषय या परीक्षेतून केव्हाच गेले आहेत, म्हणून त्या कार्डांपोटी एक रुपयाही जास्त देऊ नका.

आता खऱ्या उपकरणांचा आग्रह कशासाठी, ते सांगतो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे. २९६० स्विचच्या पोर्टमध्ये केबल खोचली की दिवा आधी नारिंगी लागतो आणि सुमारे ३० सेकंदांनी हिरवा होतो. स्पॅनिंग ट्रीच्या लिसनिंग टप्प्याची १५ आणि लर्निंग टप्प्याची १५ सेकंदे पुस्तकात वाचलेली असतात, परंतु त्या नारिंगी दिव्याकडे पाहत, लॅपटॉपला आयपी पत्ता का मिळत नाही याचा विचार करत अर्धा मिनिट बसल्यावर पोर्टफास्ट (ही प्रतीक्षा वगळणारी सोय) कशासाठी आहे हे पुन्हा कधी विसरत नाही. मग रॅपिड पीव्हीएसटी (स्पॅनिंग ट्रीची वेगवान आवृत्ती) चालू करून दोन स्विचमधला दुवा काढून पाहा. तेच काम सेकंदाभरात होते. त्यानंतर घरच्या इंटरनेटपासून लॅब पूर्णपणे सोडवून, तीन स्विच त्रिकोणात जोडून स्पॅनिंग ट्री मुद्दाम बंद करा. एका ब्रॉडकास्ट पिंगने सगळे दिवे एकाच लयीत लुकलुकू लागतात, कन्सोल अडखळतो, टाइप केलेले अक्षर उमटायला वेळ लागतो, आणि एक केबल उपसताच सगळे शांत होते. नोकरीच्या ठिकाणी पहाटे तीन वाजता असे दिवे दिसले तर काय करायचे, हे ज्याने घरी पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही.

डुप्लेक्सचा (एकाच वेळी पाठवणे-घेणे म्हणजे फुल, आळीपाळीने म्हणजे हाफ) गोंधळ हा असाच दुसरा धडा. एका बाजूला १०० एमबीपीएस आणि फुल डुप्लेक्स कायम करून दुसरी बाजू ऑटोवर ठेवा. ऑटो बाजूला समोरचा वेग कळतो, परंतु डुप्लेक्स कळत नाही, म्हणून ती हाफवर जाते. पिंग बिनचूक चालतो आणि सगळे ठीक आहे असे वाटते. मोठी फाइल पाठवली की मात्र वेग रांगू लागतो. हाफ बाजूला ‘शो इंटरफेस’मध्ये लेट कोलिजन (उशिरा होणाऱ्या टकरी) वाढत जातात आणि फुल बाजूला सीआरसी (माहिती बिघडल्याच्या) चुका दिसू लागतात. हे आकडे स्वतःच्या डोळ्यांदेखत वाढताना पाहिल्यावर तेच उत्तर परीक्षेत आठवणीवर नव्हे, तर ओळखीवर येते. सिम्युलेटरमध्ये हा सावकाशपणा जाणवत नाही. तिथे केबल कधी अर्धवट क्रिम्प झालेली नसते आणि कनेक्टरचे टोकही वाकलेले नसते.

स्विचसाठी २९६० मालिका पुरेशी आहे, मात्र मॉडेल क्रमांकाचे शेवटचे अक्षर वाचल्याशिवाय हात लावू नका. शेवटी ‘एल’ असेल तर तो लॅन बेस, ‘एस’ असेल तर लॅन लाइट. लॅन लाइटमध्ये सुरक्षेची बरीच वैशिष्ट्ये कमी आहेत आणि व्हीएलएएनची संख्याही ६४ पर्यंतच आहे, म्हणून लॅन बेसच घ्या. २९५० मालिका कोणी फुकट दिली तरी घरात जागा अडवू देऊ नका. तिसरा स्विच ३५६० असावा, म्हणजे एसव्हीआयच्या (व्हीएलएएनसाठी स्विचमध्येच केलेल्या आभासी पोर्टच्या) आधारे व्हीएलएएनमधील राउटिंग स्विचवरच करता येते आणि तेच काम ‘राउटर ऑन अ स्टिक’ पद्धतीने (सगळे व्हीएलएएन एकाच केबलवरून राउटरकडे नेऊन) केलेल्या कामाशी ताडून पाहता येते. दोन वेगळ्या मालिका असण्याचा आणखी एक लाभ आहे: ३५६० वर पोर्ट ट्रंक करण्याआधी एन्कॅप्सुलेशन (व्हीएलएएनची खूण लावण्याची पद्धत) डॉट-वन-क्यू असे स्पष्ट सांगावे लागते, तर २९६० वर ती कमांडच नाही, कारण त्याला दुसरी पद्धत येतच नाही. नवशिक्याला ही कमांड नाकारली गेली की तो गडबडतो. कारण एकदा कळले की गडबड संपते. आयपीव्ही६ चा सराव करताना २९६० वर पत्ता स्वीकारला गेला नाही तर तो बिघाड समजू नका. आधी ‘एसडीएम प्रेफर’ या कमांडने ड्युअल आयपीव्ही४-आयपीव्ही६ हा साचा निवडून स्विच पुन्हा चालू करावा लागतो.

राउटरमध्ये १९४१ किंवा २९०१ मिळाल्यास उत्तम. या पिढीचा सिस्कोकडील आधार ३१ डिसेंबर २०२२ रोजी संपला, आणि नेमक्या त्याच कारणाने कंपन्यांनी ते रॅकमधून उतरवले. शिकण्याच्या दृष्टीने त्यांच्यात काही कमी नाही. १८४१ फुकट मिळत असेल तर चालेल, परंतु त्यातील आयओएसच्या (सिस्कोच्या यंत्रांतील सॉफ्टवेअरच्या) नावात ‘के९’ आहे की नाही ते ‘शो व्हर्जन’मध्ये पाहा, कारण त्याशिवाय एसएसएच (दूरून सुरक्षितपणे जोडण्याची पद्धत) चालत नाही. हल्ली ४३२१ आणि ४३३१ हेही बाहेर पडू लागले आहेत. त्यांच्याबाबत एक खबरदारी घ्या: क्लॉक सिग्नल देणारा एक घटक सुमारे १८ महिन्यांच्या वापरानंतर निकामी होऊ शकतो आणि मग राउटर पुन्हा उठत नाही, असे सिस्कोने २०१७ मध्ये स्वतः जाहीर केले होते. नोव्हेंबर २०१६ च्या मध्यानंतर कारखान्यातून बाहेर पडलेल्या यंत्रांत हा दोष नाही.

अशीच खबरदारी सगळ्या जुन्या सामानाबाबत घ्या. २००५ ते २०१० या काळात बनलेल्या काही यंत्रांतील मेमरी घटक वर्षानुवर्षे चालू असताना नीट चालतो, पण वीज बंद करून परत दिली की यंत्र उठत नाही, हेही सिस्कोने २०१४ मध्ये जाहीर केले होते. म्हणून ‘परवापर्यंत रॅकमध्ये चालू होता’ या शब्दावर विसंबू नका. तुमच्यासमोर किमान तीन वेळा वीज बंद-चालू करून, कन्सोलवर पूर्ण बूट होताना पाहून, पंखा फिरतो का आणि सगळी पोर्ट दिवा दाखवतात का हे तपासूनच यंत्र उचला. मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी अशा वस्तू कधीकधी दिसतात, पण तिथे वीज देऊन पाहण्याची सोय बहुधा नसते. तिथून पॅच कॉर्ड, रॅकच्या पट्ट्या, जुने पॅच पॅनेल एवढेच घ्यावे. क्रिम्पिंग टूल, आरजे-४५ कनेक्टर आणि केबल टेस्टर तपकीर गल्लीत मिळतात.

मामांमार्फत येणाऱ्या सामानाबद्दल एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि मोठ्या ग्राहक-संस्थांना आपला ई-कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच सोपवावा लागतो. तेव्हा मामांनी गाडीच्या डिकीत टाकून स्विच आणणे योग्य नाही, आणि त्यांच्या नोकरीलाही ते बाधक ठरू शकते. कंपनीने चालू स्थितीतील जुनी मालमत्ता म्हणून ती रीतसर विकली किंवा दिली पाहिजे. अनुक्रमांकांसह पत्र आणि गेट पास घ्या आणि दोन्ही जपून ठेवा.

यंत्र घरी आल्यावर पहिले काम म्हणजे आधीच्या मालकाची माहिती पुसणे. एकदा माझ्या हाती आलेल्या जुन्या राउटरमध्ये एका संस्थेच्या सर्व शाखांचे पत्ते, एसएनएमपीचे (यंत्रांवर दूरून देखरेख करण्याच्या पद्धतीचे) गुप्त शब्द आणि टाइप ७ पद्धतीने साठवलेले पासवर्ड तसेच होते, आणि टाइप ७ उलगडायला क्षणभरही लागत नाही. अशी माहिती वाचत बसू नये, तिची प्रत ठेवू नये. सहसा पासवर्ड ठाऊक नसतो, त्यामुळे हेच काम तुमचा पहिला धडा ठरते. राउटर चालू केल्यावर पहिल्या मिनिटातच कन्सोलवरून ब्रेक संकेत पाठवून रॉममॉनमध्ये (आयओएस सुरू होण्याआधीच्या प्राथमिक अवस्थेत) जा, कॉन्फिगरेशन रजिस्टर हेक्स २१४२ करा आणि पुन्हा बूट करा. त्यामुळे जुनी मांडणी (कॉन्फिगरेशन) वाचली जात नाही. मग ‘राइट इरेज’ करा आणि रजिस्टर न विसरता २१०२ वर परत आणा. ही शेवटची पायरी राहून गेली तर प्रत्येक रात्री केलेला सराव दुसऱ्या दिवशी नाहीसा झालेला दिसतो, आणि मी पाहिलेल्या निम्म्या ‘बिघडलेल्या’ राउटरांचे दुखणे एवढेच होते. स्विचवर मोड बटण दाबून धरत वीज द्यावी, फ्लॅश सुरू करून कॉन्फिगची फाइल काढावी आणि तिच्यासोबत व्हीएलएएन डॅट ही फाइलही काढावी. ती मागे राहिली तर जुने व्हीएलएएन पुन्हा डोके वर काढतात.

कन्सोल केबलवर मात्र काटकसर नको. लॅपटॉपला सिरीयल पोर्ट नसतो, त्यामुळे यूएसबीकडून सिरीयलकडे नेणारी केबल लागते. तिच्यातील चिप एफटीडीआय कंपनीची, अस्सल असावी, कारण नकली चिपवर ड्रायव्हर अचानक काम थांबवतात आणि विद्यार्थी दोष राउटरला देतो. वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट एक, एवढे पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये भरले की झाले.

दोन खोल्यांच्या घरात आवाज, वीज आणि अर्थिंग यांचा विचार उपकरणांइतकाच महत्त्वाचा आहे. पावणेदोन इंच उंचीच्या स्विचमध्ये लहान पंखे वेगाने फिरतात, आणि पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज पुरवण्याची सोय) असलेला ३७५० तर रात्री अकरानंतर शेजाऱ्यांनाही ऐकू येईल. आठ पोर्टांचे २९६० बिनपंख्याचे असतात. तुमच्यासारख्या घरासाठी मी त्यांनाच पसंती देईन. विजेचा हिशेब सोपा आहे: पीओई नसलेला स्विच सुमारे ३० वॉट आणि १९४१ सुमारे ३५ वॉट धरला तर पूर्ण लॅब १६० वॉट घेते. रोज तीन तास चालवली तर महिन्याला १५ युनिटच्या आत राहते. चोवीस तास चालू ठेवली तर ११५ युनिट होतात आणि महावितरणच्या बिलात घर १०० युनिटांच्या वरच्या टप्प्यात सहज ढकलले जाते. म्हणून उठताना बटण बंद करा.

पेठांतील जुन्या वाड्यांत आणि काही जुन्या सोसायट्यांत अर्थिंग नसते. धातूच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लॅब तिथेच थांबवा आणि आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. वळवाच्या पावसात विजा कडाडत असताना केबली सोडवून ठेवाव्यात. देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते त्याचा मात्र उपयोग करून घ्या: आदल्या रात्री मांडणी साठवली आहे की नाही याची ती आपोआप परीक्षा होते.

लॅब घरच्या वायफायला थेट जोडू नका. तुमचा सरावाचा डीएचसीपी सर्व्हर घरातल्या फोनना भलतेच पत्ते वाटू लागला तर आई-बाबांचे काम अडते आणि लॅबबद्दल घरात जी सहानुभूती असते ती संपते. घरच्या राउटरच्या एका पोर्टला लॅबमधील राउटरची बाहेरची बाजू जोडा, त्याच्यावर नॅट करा, आणि आतले सगळे १० ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्यांत ठेवा. नॅटचा सरावही होतो आणि भिंतही उभी राहते. जुन्या स्विचवर स्मार्ट इन्स्टॉल (नव्या स्विचची मांडणी दूरून भरण्याची सोय) चालू असते, त्यातील गंभीर त्रुटी २०१८ मध्ये उघड झाली आहे. ‘नो व्हीस्टॅक’ देऊन ते बंद करा. एसएसएचने जोडताना आजचा लॅपटॉप जुन्या राउटरला नकार देईल, कारण जुन्या की-एक्स्चेंज (गुप्त किल्ली ठरवण्याच्या) पद्धती ओपनएसएसएचने २०१५ पासून मुळातच बंद ठेवल्या आहेत. त्या फक्त लॅबच्या पत्त्यांपुरत्या चालू करा, सगळ्या जोडण्यांसाठी नव्हे.

सरावाची माझी पद्धत अशी आहे. आधी कागदावर आकृती, पत्ते आणि पोर्ट लिहावेत, मग केबल लावावी, मग मांडणी करावी. नीट चालू झाले की वर्गातील एखाद्या मित्राला बोलवावे आणि त्याने तुमच्यामागे तीन दोष घालावेत: नेटिव्ह व्हीएलएएन वेगळा करणे, ओएसपीएफच्या एका बाजूचा हॅलो काळ (शेजारी राउटरला संदेश पाठवण्यातील अंतर) बदलणे, अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये एक ओळ वर-खाली करणे. दोष त्याने चिठ्ठीवर लिहून बंद ठेवावेत. तुम्ही घड्याळ लावून शोधा, आणि काय पाहिले, काय गृहीत धरले, ते कुठे चुकले हे वहीत लिहा. मग भूमिका बदला. दोष घालायलाही तेवढीच समज लागते. अशी चाळीस-पन्नास पाने भरलेली वही मी मुलाखतीत पाहतो तेव्हा पुढचे प्रश्न प्रमाणपत्रावर नव्हे, त्या वहीवर विचारतो.

पाचाहून अधिक राउटर लागणारे ओएसपीएफचे आराखडे, वायरलेस कंट्रोलर आणि आयपीव्ही६ ची मोठी मांडणी पॅकेट ट्रेसरमध्ये करा. खऱ्या आयओएसच्या प्रतिमा चालवायच्या असतील तर सिस्को मॉडेलिंग लॅब्जची विनामूल्य आवृत्ती पाच नोडपर्यंत (आभासी यंत्रांपर्यंत) चालते. लॅपटॉपला १६ जीबी मेमरी असली तर ती सुखाने चालेल. ऑटोमेशनसाठी सिस्को डेव्हनेटचे सँडबॉक्स (ऑनलाइन सराव-यंत्रणा) विनामूल्य आहेत. टेलिग्रामवरून आयओएसच्या प्रतिमा उतरवू नका: त्यांत काय भरले आहे हे कळायला मार्ग नसतो, आणि सिस्कोच्या धोरणानुसार जुन्या यंत्रासोबत सॉफ्टवेअरचा परवानाही नव्या मालकाकडे आपोआप येत नाही. यंत्रात जी आवृत्ती आली आहे तिच्यावर शिका.

सीसीएनए तीन वर्षे वैध असते. उत्तीर्ण झाल्यावर एक स्विच आणि कन्सोल केबल स्वतःकडे ठेवा, उरलेली यंत्रे पुसून, चालू स्थितीत, मिळालेल्या पत्राच्या प्रतीसह पुढच्या विद्यार्थ्याला द्या. जे उठतच नाही ते नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या, दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला नको. तांब्यासाठी त्याचे सर्किट बोर्ड उघड्यावर जाळले जातात आणि त्यातील शिसे तिथेच मातीत राहते.